बायोस अपडेटनंतर ४.० चे ४.४४ : अंबडच्या एका डिझाइन ऑफिसमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतलं हे टूलरूम प्लास्टिक मोल्ड बनवतं. खाली व्हीएमसी, म्हणजे संगणकी प्रोग्रामवर धातू कापणारी मशिन्स, आणि वरच्या माळ्यावर डिझाइन ऑफिस. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऑफिसात सहा डेस्कटॉप आहेत. त्यातले चार एकाच मॉडेलच्या बी४५० मदरबोर्डवर, रायझेन ५ ३६०० प्रोसेसर लावून शहरातल्याच एका असेंबलरने बांधून दिलेले. हा सहा कोअर, बारा थ्रेडचा प्रोसेसर आहे. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, बूस्ट ४.२ पर्यंत. चारपैकी एकाला ऑफिसात 'मोठं मशिन' म्हणतात, कारण व्हीएमसीच्या प्रोग्रामचे टूलपाथ, म्हणजे कटरने कुठून कसं जायचं ते मार्ग, त्यावर काढले जातात. ते बांधतानाच असेंबलरने सगळे कोअर ४.० वर पक्के करून दिले होते. तेव्हा सगळेच तसं करायचे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मालकांनी सगळी मशिन्स विंडोज ११ वर न्यायची ठरवली. त्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी यंत्रणा) लागतं. ते या प्रोसेसरमध्ये फर्मवेअरच्या रूपात असतंच, पण बोर्डांवरचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं बोर्डाचं फर्मवेअर, फार जुनं होतं, म्हणून आधी चारही बोर्डांचं बायोस अपडेट झालं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, यूपीएस लावून, एकेक करून. या कामात असेंबलरच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही.

बायोस अपडेट झालं की आतल्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. मेमरीचं प्रोफाइल बंद होतं, पंख्यांचे वेग बदलतात, बूटचा क्रमही कधी कधी. असेंबलरने जुन्या स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले होते. त्यावरून त्याने सगळं परत भरलं. मोठ्या मशिनचा मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) मात्र फोटोत होता त्या जागी नव्या मेनूत दिसेना. शोधत शोधत तो आतल्या एएमडीच्या मेनूत गेला, तिथे ४.० भरण्याची सोय होती, तिथे भरला. मशिन सुरू झालं, विंडोज ११ बसली, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकरही चालू झालं. सगळे घरी गेले.

समस्या

पुढच्या आठवडाभरात त्या एकाच मशिनबद्दल तीन माणसांनी तीन वेगळ्या तक्रारी केल्या.

असेंबलर दुसऱ्या कामासाठी आला असता त्याने सहज सीपीयू-झेड हा प्रोसेसरचा वेग दाखवणारा प्रोग्राम उघडून पाहिला. वेग ४४४४ मेगाहर्ट्झ. त्याने दिला होता ४०००. प्रोसेसर जळेल या धास्तीने त्याने मला फोन केला. मालकांना मात्र आकडा आवडला होता. "अपडेटने मशिन पळायला लागलं राव, कशाला हात लावता?" हे त्यांचं म्हणणं. टूलपाथ काढायला पूर्वी सॉफ्टवेअर नऊ मिनिटं दाखवायचं, ते आता आठ मिनिटांच्या आसपास दाखवत होतं.

दुसरी तक्रार डिझाइनर ताईंची. दुपारनंतर टास्कबारचं घड्याळ मागे पडतं. पाच वाजले तरी ४.४२ दाखवतं, आणि सकाळी आलं की पुन्हा बरोबर.

तिसरी गोष्ट कुणी तक्रार म्हणूनही मांडली नव्हती. खालच्या सेटरने, म्हणजे व्हीएमसीवर काम लावणाऱ्याने, एका पी२० स्टीलच्या ब्लॉकवर प्रोग्राम लावला आणि नेहमीच्या सवयीने आधी कटर स्टीलला न लावता हवेत एक फेरी मारली. पॉकेटची (ब्लॉकमध्ये कोरायच्या खळग्याची) खोली ड्रॉइंगशी जुळेना. प्रोग्राम जुना निघाला. ताई शपथेवर सांगत होत्या की नवा सेव्ह केला होता. ठपका फाइल सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरवर ठेवून विषय मिटवला गेला.

मला बोलावलं ते फक्त पहिल्या तक्रारीसाठी. बाकीच्या दोन चहा घेताना कानावर आल्या.

पहिला निर्णय : सेल बदलायचा का

घड्याळ मागे पडतं म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी एकच उपाय येतो, बोर्डावरचा सेल. सीआर२०३२ महात्मा गांधी रस्त्यावर कुठेही मिळतो. मी पोहोचायच्या आधीच असेंबलरने तो बदललाही होता. त्याने नुकसान काही नाही, पण निदान म्हणून ते लागू पडत नाही. सेलचं काम मशिन बंद असताना बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणं. सेल उतरला तर सकाळी वेळ चुकलेली दिसते आणि दिवसभर तेवढीच चुकलेली राहते. इथे उलटं होतं. सकाळी वेळ बरोबर, आणि मशिन चालू असतानाच ती घसरत होती.

ही उलटी दिशाच तपासाला उपयोगी पडली. बोर्डावरचं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं आणि ते ठीक होतं. विंडोज मात्र ते सतत वाचत नाही. सुरू होताना आणि झोपेतून (स्लीपमधून) उठताना एकदा वाचते आणि मग प्रोसेसरमधल्या व बोर्डावरच्या वेगळ्या गणकांवर स्वतः वेळ पुढे नेते. चूक त्या दुसऱ्या टप्प्यात होती.

दुसरा निर्णय : बायोस मागे न्यायचं का

असेंबलरचा आग्रह जुनं बायोस परत टाकण्याचा होता. विचार सरळ होता: अपडेटनंतर बिघडलं, तर अपडेट काढा. या पर्यायावर आमचं बराच वेळ बोलणं झालं आणि मी तो थांबवला. कारणं दोन.

एक तर बोर्डाच्या कंपनीनेच या आवृत्तीबरोबर सूचना दिली होती की यानंतर आधीच्या आवृत्तीवर जाता येणार नाही. आडवाटेने जाता येतं म्हणतात, पण ज्या मशिनवर दुसऱ्या दिवशी ट्रायलचा मोल्ड अवलंबून आहे त्यावर ते प्रयोग करू नयेत.

दुसरं कारण जास्त गंभीर. फर्मवेअरमधलं टीपीएम बायोस बदललं की पुसलं जाऊ शकतं आणि बिटलॉकर चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कुठे आहे, असं विचारल्यावर खोलीत शांतता. विंडोज बसवताना असेंबलरने घाईत स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं होतं आणि ती की त्याच्या खात्यात होती. म्हणजे टूलरूमच्या सगळ्या डिझाइनची किल्ली एका तिसऱ्याच माणसाच्या ईमेलमागे. वेगाचा विषय बाजूला ठेवून आधी ती की छापून मालकांच्या कपाटात ठेवली. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं, प्रोसेसरशी त्याचा संबंध नसला तरी.

तिसरा पर्याय विंडोज पुन्हा टाकण्याचा. तो कुणीतरी बोलून दाखवला आणि तिथेच सोडला. बाकी तीन मशिनवर तीच विंडोज, तेच बायोस होतं आणि तिथे काहीच तक्रार नव्हती.

मोजणी

सीपीयू-झेडच्या खिडकीत वेगाबरोबर दोन आकडे असतात, मल्टिप्लायर आणि बसचा वेग, म्हणजे बोर्डाचा मूळ ठोका. वेग म्हणजे त्यांचा गुणाकार. इथे मल्टिप्लायर बरोबर ४० होता. बस दाखवत होती १११. ती १०० असायला हवी. बायोसमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम (ठोका मुद्दाम किंचित हलता ठेवणारी सोय) चालू असलं तर ९९.८ सारखं काहीतरी दिसतं, तेही ठीक. १११ कधीच नाही.

ही बस खरोखर १११ वर गेली असती तर त्याच मूळ ठोक्यावर चालणारी मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेसही अकरा टक्के जोरात पळाली असती. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड एवढं सहन करत नाहीत. मशिन विंडोजपर्यंत पोहोचलंच नसतं, किंवा पोहोचून फाइली खराब करत बसलं असतं. पण इथे आठवडाभर मशिन निवांत चालत होतं. मेमरीचा आकडा पाहिला: १६०० च्या जागी १७७८. तोही त्याच प्रमाणात फुगलेला. सगळंच एकाच प्रमाणात वाढलेलं दिसतं तेव्हा वस्तू नव्हे, मोजपट्टी तपासावी.

वेग म्हणजे सेकंदात किती ठोके. ठोके मोजणं सोपं, ते प्रोसेसर स्वतः मोजतो. प्रश्न सेकंदाचा. तो विंडोज कुणाकडून घेते? कारखान्याचा भोंगा उशिरा वाजू लागला तर त्या 'पाळी'त माल जास्त निघाल्याचं रजिस्टरमध्ये दिसेल, तसंच हे. विंडोजचा सेकंद लांबला असेल तर त्या लांब सेकंदात जास्त ठोके मोजले जाणारच.

म्हणून मशिनच्या बाहेरचं घड्याळ घेतलं, मोबाइलचं स्टॉपवॉच. मशिन पूर्ण बंद करून चालू केलं. बस १००, वेग ४.०, मोबाइलवर दहा मिनिटं झाली तेव्हा विंडोजच्या स्टॉपवॉचवरही दहा. तोच टूलपाथ काढला: दोन्हीकडे नऊ मिनिटं. मग मशिन झोपवलं आणि उठवलं. बस १११. मोबाइलवर दहा मिनिटं, विंडोजवर नऊ. टूलपाथ मोबाइलच्या हिशेबाने पुन्हा नऊच मिनिटं लागला, आणि सॉफ्टवेअरने नोंद केली आठ मिनिटं सहा सेकंद.

मालक शेजारीच उभे होते. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आणि स्क्रीनवर वेगवेगळे आकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे पळत नाहीये. पळाल्याचं सांगतंय."

इथे तिन्ही तक्रारी एकत्र आल्या. ४४४४ ला ४००० ने भागा, दहा मिनिटांना नऊने भागा, नऊ मिनिटांना आठ मिनिटं सहा सेकंदांनी भागा. उत्तर एकच, १.११. ताईंचं घड्याळही तसंच. जेवताना मशिन आपोआप झोपायचं, दोन वाजता उठायचं. तिथून पाचपर्यंत तीन तास, तासाला सहा मिनिटं मागे, म्हणजे अठरा मिनिटं. ४.४२.

आणि तो जुना प्रोग्राम. नोंदी काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. खालच्या माणसाने ४.३५ ला सर्व्हरवरच्या प्रतीत फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) बदलून सेव्ह केली होती. ताईंनी पॉकेटची नवी खोली ४.४५ ला सेव्ह केली, पण त्यांच्या मशिनच्या मते तेव्हा ४.२८ वाजले होते. सिंकच्या सॉफ्टवेअरने जी वेळ पुढची ती फाइल नवी धरली. त्याने सांगितलं तेच केलं होतं.

कारण

प्रोसेसरमध्ये एक गणक असतो, टाइम स्टॅम्प काउंटर, सगळे टीएससी म्हणतात. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये तो कोअरचा वेग वरखाली झाला तरी ठरलेल्या एकाच गतीने चालतो, म्हणून विंडोज वेळ मोजायला त्याच्यावर विसंबते. सुरू होताना ती त्याची गती एकदा ठरवते आणि मग तीच धरून चालते.

एएमडीच्या या पिढ्यांत टीएससीची गती प्रोसेसरच्या 'पी-झिरो', म्हणजे ठरलेल्या अवस्थांपैकी सर्वात वरच्या, अवस्थेच्या वेगाला बांधलेली असते. फर्मवेअर एका टप्प्यावर तो दुवा पक्का करतं. बहुतेक बोर्डांवर वेग वाढवायच्या दोन वाटा असतात. बोर्ड कंपनीच्या वरच्या मेनूतला साधा मल्टिप्लायर, आणि आतल्या एएमडी मेनूतली पी-झिरोची थेट नोंद. असेंबलरला नव्या बायोसमध्ये पहिली वाट सापडली नव्हती, म्हणून तो दुसरीने गेला होता. थंड सुरुवातीला फर्मवेअर आधी ४.० भरून मग टीएससी पक्का करत असावं. झोपेतून उठताना क्रम बदलून तो मूळ ३.६ वरच पक्का होत असावा, आणि ४.० नंतर लागत असावं. विंडोजला वाटतं सेकंदाला चार अब्ज ठोके, येतात तीन अब्ज साठ कोटी. नऊ-दशांश. मोजणीशी हे तंतोतंत जुळतं. फर्मवेअरच्या आत डोकावून खात्री करायचं साधन आमच्याकडे नव्हतं, म्हणून बाहेरून पडताळा घेतला. मल्टिप्लायर 'ऑटो' केला, झोपवलं, उठवलं: बस १००. वरचा मेनू नीट शोधून तिथून ४.० दिलं, झोपवलं, उठवलं: तरीही १००. आतल्या मेनूतून दिलं की १११ परत.

हे काही आभाळातून पडलेलं नाही. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझेनच्या फर्मवेअर सुधारणा जाहीर केल्या, त्यात ओव्हरक्लॉक केलेल्या (मूळ सेटिंगपेक्षा वेग वाढवलेल्या) मशिनवर एस-३, म्हणजे नेहमीच्या, झोपेतून उठल्यावर चुकीचा वेग दिसण्याचा दोष दुरुस्त केल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. त्याही आधी, २०१३ मध्ये, ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने विंडोज ८ वरचे निकाल नाकारले होते. चालू विंडोजमध्ये बेस क्लॉक, म्हणजे बसचा मूळ ठोका, बदलला की तिचं घड्याळ सरकायचं आणि मशिन हळू करूनही गुण वाढलेले दिसायचे. नाव, पिढी, कंपनी बदलते. चुकतो तो सेकंदच.

केलेली कृती

आता निवड तीन गोष्टींत होती.

विंडोजला टीएससी सोडून बोर्डावरच्या एचपीईटी गणकावर जबरदस्तीने आणता येतं. एका ओळीची आज्ञा आहे आणि व्हिडिओंमधून ती भरपूर फिरते. एचपीईटी साधारण १४.३१८ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालतो.  एचपीईटीला प्रोसेसरची पी-झिरो माहीतच नाही, त्यामुळे वेळ बरोबर झाली असती. पण तो वाचायला टीएससीपेक्षा कितीतरी महाग. शिवाय दोष तसाच राहून फक्त दिसेनासा झाला असता. पुढच्या माणसाला ही आज्ञा कधी, का दिली होती हे कळायला मार्ग नाही. मी नको म्हटलं.

झोप बंद करणं हा दुसरा. हायबरनेट आणि पूर्ण बंद दोन्ही चालले असते, कारण त्यात फर्मवेअर पूर्ण सुरुवातीच्या वाटेने जातं. तात्पुरता उपाय म्हणून तो त्याच दुपारी लागू केला.

तिसरा, मल्टिप्लायर 'ऑटो'. इथे असेंबलर नाराज होता, ४.० त्याने हाताने जमवलं होतं आणि वरच्या मेनूतून दिलं तर ते चालत होतंच. हा मुद्दा चुकीचा नव्हता. पण टूलपाथचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर चालतं. सगळे कोअर ४.० वर खिळवले की एकटा कोअर ४.२ च्या जवळ जाण्याची मुभा गमावतो. म्हणून वादापेक्षा तोच टूलपाथ 'ऑटो'वर, मोबाइलच्या घड्याळाने मोजला. नऊ मिनिटांपेक्षा पंधरा-वीस सेकंद कमी लागले. फार नाही, पण आता खरे. मालकांनी 'ऑटो' ठेवायला सांगितलं.

त्याबरोबर सगळ्या मशिनची वेळ सर्व्हरशी वारंवार जुळवायची सोय केली. स्वतंत्र मशिनवर विंडोज इंटरनेटशी वेळ जुळवते, पण मधलं अंतर तासांचं असतं. तासाला सहा मिनिटांची गळती त्यात झाकली जात नाही. सिंकच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे बदल असेल तर स्वतःहून निवड न करता थांबून विचारायचं, असंही केलं.

निकाल

मशिन पुन्हा झोपायला लागलं, उठायला लागलं, घड्याळ जागेवर राहिलं. सीपीयू-झेडमध्ये बस ९९.८ दाखवते आणि वेग कामाप्रमाणे वरखाली होतो. मालकांनी एकदा विचारलं, आकडा स्थिर का नाही. बूस्ट तसंच वागतं. आणि असे प्रोग्राम स्वतःच झोपलेल्या कोअरला उठवून मोजतात, त्यामुळे रिकाम्या मशिनवरही कधी ४.२ दिसेल. त्यावर जीव टाकू नये.

पॉकेटच्या खोलीवाला ब्लॉक वाचला तो सेटरच्या हवेतल्या फेरीमुळे, यात आमच्या कुणाचं श्रेय नाही. कापायला घेतला असता तर स्टील आणि त्याआधी झालेलं रफिंग (ढोबळ कापणी) दोन्ही गेलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

बायोस अपडेटआधी फोटो काढणं चांगलंच. पण फोटो जुन्या मेनूचा असतो. ज्या नोंदीला नव्या मेनूत जागा सापडत नाही ती तशीच सोडून, मशिन मूळ सेटिंगवर दोन-चार दिवस चालवायला हवं होतं. एका वेळी एकच बदल. इथे बायोस, विंडोज, टीपीएम, बिटलॉकर आणि ओव्हरक्लॉक एकाच दिवशी बदलले. म्हणून प्रत्येकाला आपापल्या आवडीचा आरोपी मिळाला. बिटलॉकर तर बायोसला पुन्हा हात लावण्याआधी थांबवून ठेवायचं असतं, आणि रिकव्हरी की आधी हाताशी.

अपडेटनंतरच्या चाचणीत झोप-उठ ही पायरी जवळजवळ कुणी घेत नाही. मशिन चालू झालं, विंडोज दिसली, पैसे द्या. या प्रकरणात दोष फक्त त्या वाटेवर होता. पाच मिनिटं मशिन झोपवून, उठवून, मोबाइलशी घड्याळ ताडलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आता तो असेंबलर हे करतो.

ऑफिसमधल्या तक्रारी एका जागी लिहिल्या जात नव्हत्या, हेही आहे. ताईंनी घड्याळाबद्दल असेंबलरला सांगितलं होतं, सेटरने प्रोग्रामबद्दल सुपरवायझरला, आणि वेगाबद्दल मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते. आता खाली जिन्याजवळ एक वही टांगली आहे. मशिनचं नाव, काय दिसलं, किती वाजता. 'किती वाजता' हा रकाना भिंतीवरच्या घड्याळावरून भरायचा असं सेटरने सुचवलं आणि ते मान्य झालं.

बोर्ड कंपनीकडे आम्ही मोजणीसकट तक्रार पाठवली आहे. त्यानंतर एक नवी बीटा आवृत्ती आली, तिच्या नोंदीत झोपेबद्दल चकार शब्द नाही. ती आधी मोठ्या मशिनवर न टाकता कोपऱ्यातल्या हिशेबाच्या मशिनवर टाकायची ठरलं आहे. बोर्ड तोच आहे आणि तिथे टूलपाथ कुणी काढत नाही.